मुर्गी खताचा वास: शेताला लागून घर असलेल्यांनी काय करायचं?

रामबागची_सून
11 ऑक्टोबर, रात्री 11:20

नमस्कार मंडळी. झोप येत नाहीये म्हणून धागा काढते आहे, आणि झोप न येण्याचं कारण वास आहे.

दोन वर्षांपूर्वी इंदूरच्या रामबागेतलं जुनं घर सोडून आम्ही राऊच्या पुढे एका कॉलनीत राहायला आलो. मागच्या भिंतीपलीकडे पटेलांचं शेत आहे. खरं सांगायचं तर त्या शेताकडे बघूनच घर घेतलं. दलालाने जानेवारीत गच्चीवर नेऊन गुडघाभर हिरवा गहू दाखवला होता. ऑक्टोबरात तिथे काय पडतं ते त्याने दाखवलं नाही.

सोयाबीन निघालं, आता तिथे आलू लागणार. काल रात्री नऊच्या सुमारास तीन ट्रॉल्या मुर्गी खत आलं, हेडलाइटच्या उजेडात पसरलं आणि ट्रॅक्टर निघून गेला. आज दिवसभर ते तसंच पडून आहे. दुपारी फारसं जाणवलं नाही, पण दिवे लागणीनंतर असह्य. सासूबाई ब्याऐंशीच्या, दम्याच्या. नाकाला पदर लावून त्यांनी जाहीर केलं, "हा शेणाचा वास नाही. शेणाने घर सारवण्यात माझं लहानपण गेलंय. शेणाने कधी डोळे चुरचुरत नाहीत."

कॉलनीच्या ग्रुपवर सकाळपासून साठ मेसेज. एकाला ॲपवर तक्रार टाकायची आहे, एकाला वकिलाची नोटीस द्यायची आहे, एक जण भिंतीवर फिनेल शिंपडून आलाही. शेत पंचायतीच्या हद्दीत की नगर निगमच्या, यावरच वीस मेसेज. मला भांडण नको आहे. हे किती दिवस चालतं, काही इलाज असतो का, आणि शेतकऱ्याशी बोलायचं तर नेमकं काय मागायचं, एवढं कळलं तर बरं.

भिया_इंदूरी
11 ऑक्टोबर, रात्री 11:42

भिया, स्वच्छतेत पहिला नंबर शहराचा आला, शेताचा नाही. :)
ताई, तोपर्यंत खोलीत कापूर लावा.

देपालपूरकर
12 ऑक्टोबर, सकाळी 6:15

आमची देपालपूरकडे शेती आहे, आलू आणि लसूण. त्यामुळे दुसऱ्या बाजूने बोलतो, राग मानू नका.

शेत आधी होतं, कॉलनी नंतर आली. ते शेत चार पिढ्या खत खातंय. तुम्ही हिरवा गहू बघून घर घेता, तो गहू काय उदबत्तीवर वाढतो? आणि वासाचंच बोलायचं तर आमच्या शेजारच्या कॉलनीच्या सेप्टिक टँकचं पाणी बारा महिने आमच्या नाल्यात येतंय. त्याबद्दल कुणी धागा काढला नाही.

एक मात्र कबूल. रात्री पसरून तसंच टाकून जाणं हे आमच्यातही चांगलं समजत नाहीत. माझे आजोबा म्हणायचे, पसरलेलं खत आणि मांडव घातलेली पोर जास्त दिवस ठेवू नये.

रामबागची_सून
12 ऑक्टोबर, सकाळी 7:05

राग कशाला. सेप्टिक टँकचं मनाला लागलं, कारण आमच्या कॉलनीचंही पाणी कुठे जातं ते मी आजवर विचारलेलं नाही. विचारते.

काळीमाती
12 ऑक्टोबर, सकाळी 9:30

सासूबाईंचं नाक तरबेज आहे. माझं आयुष्य माती आणि खतं तपासण्यात गेलं, आता निवृत्त आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

वास एक नसतो. डोळे चुरचुरले, नाकात झिणझिण्या आल्या की तो अमोनिया. कोंबडीला वेगळी लघवी नसते. तिच्या शरीरातलं नकोसं नत्र (नायट्रोजन) युरिक आम्लाच्या रूपात विष्ठेबरोबरच पडतं, विष्ठेवर जो पांढरा भाग दिसतो तोच. त्याला ओल लागली की जिवाणू त्याचा युरिया करतात आणि युरियाचा अमोनिया. गाईम्हशींचं गणित वेगळं. युरिया मूत्रात असतो आणि त्याला फोडणारं युरिएज हे विकर (एन्झाइम) शेणात. दोन्ही वेगवेगळी असतील तर फारसं काही होत नाही, गोठ्यात एकत्र कालवली की उग्र दर्प सुटतो. म्हणून जुने लोक मूत्राला वेगळी नाली काढायचे.

सडक्या अंड्यांसारखा वास आला तर तो हायड्रोजन सल्फाइड. ढीग आतून ओला आणि गच्च आहे, हवा नाही, असा त्याचा अर्थ. तिसरा वास आंबूस, ओकारीसारखा. ती ब्युटिरिक आणि तिच्या भावंडांची आम्लं, म्हणजे माल अर्धाच कुजलेला आहे. पूर्ण कुजलेल्या खताला पहिल्या पावसात जमिनीला येतो तसा वास असतो, बाकी काही नाही.

ताईंकडे मुख्यतः अमोनिया आहे. त्याचा जोर पसरल्यानंतरच्या पहिल्या काही तासांत सर्वांत जास्त असतो आणि एकदोन दिवसांत बराच उतरतो. मधे हलका पाऊस पडला किंवा दव आलं तर पुन्हा उसळी मारतो. आपली माळव्याची काळी माती यात दुहेरी वागते. तिचा सामू (pH) साधारण 7.5 ते 8.5, म्हणजे अल्कधर्मी, त्यामुळे वर पडलेल्या खतातून अमोनिया जास्तच उडतो. पण तेच खत मातीत मिसळलं की ही चिकण माती अमोनियमला धरून ठेवते, सोडत नाही. सगळा खेळ चार बोटांचा आहे. खत चार बोटं खाली गेलं की वास संपला.

म्हणून मागायचं ते एवढंच: ज्या दिवशी पसराल त्याच दिवशी रोटाव्हेटर किंवा कल्टिव्हेटर फिरवा. यात शेतकऱ्याचाही फायदा आहे. हिशेब सांगतो. मुर्गी खतात नत्र साधारण 3 टक्के धरतात, शेणखतात अर्धा टक्का. तीन टनांची ट्रॉली म्हणजे 90 किलो नत्र, युरियाच्या 45 किलोच्या चार पोत्यांहून जास्त. उघड्यावर पडू दिलं तर त्यातला चौथाई भाग सहज हवेत जाऊ शकतो. ट्रॉलीमागे एक पोतं युरिया उडालं. तुम्हाला जो वास येतो तो त्या पटेलांचाच पैसा आहे.

देपालपूरकर
12 ऑक्टोबर, दुपारी 1:10

काका, हिशेब कागदावर बरोबर आहे. शेतावर आणून बघा.

युरियाचं पोतं मिळतं 266 रुपये 50 पैशांना. रोटाव्हेटरवाला तासाचे त्याहून कितीतरी जास्त घेतो. म्हणजे एक पोतं वाचवायला मी त्याला आजच ये, जास्तीचे देतो म्हणावं? कुणी म्हणणार नाही. तुमचं नत्र महाग असेल, सरकारने आम्हाला ते स्वस्त करून दिलंय.

रोटाव्हेटर तर फिरवायचाच असतो, प्रश्न कधी हा आहे. या पंधरा दिवसांत सगळ्या गावाला तो एकदमच हवा असतो. सोयाबीन निघालं की आलू लावायची घाई, आणि गावात यंत्रं पाच. आणि मुर्गी खत आपल्या सोयीने येत नाही. पोल्ट्रीवाल्याची बॅच उठली, शेड खाली झाली की तो फोन करतो, आज रात्री उचल नाहीतर दुसऱ्याला देतो. त्यामुळे ट्रॉली आधी येते आणि रोटाव्हेटर तीन दिवसांनी.

काळीमाती
12 ऑक्टोबर, दुपारी 2:00

पटलं. अनुदानाचा मुद्दा माझ्या हिशेबात नव्हता. फक्त एक विचारतो. गेल्या रब्बीत सहकारी सोसायटीसमोर युरियासाठी रांगेत किती वेळ उभे होतात?

देपालपूरकर
12 ऑक्टोबर, दुपारी 2:20

दोन दिवस. पायातली चप्पल रांगेत ठेवून जेवायला गेलो होतो. ठीक आहे, तुमचा एक गुण.

मिरजेची_शेड
12 ऑक्टोबर, संध्याकाळी 5:45

मी इंदूरची नाही, पण ब्रॉयलरची शेड चालवते म्हणून राहवलं नाही.

बॅच साधारण चाळीस-पंचेचाळीस दिवसांत उठते. खाली भाताचं तूस पसरलेलं असतं, त्यात विष्ठा मिसळत जाते. तूस कोरडं असेल तर शेडमध्येसुद्धा वास फार नसतो. वास येतो तो पाण्यामुळे. निपल गळतंय, पावसाचे शिंतोडे आत येतायत, तूस वेळच्या वेळी हलवलं नाही की त्याची पोळी बनते, आणि ती पोळी उचकटली की डोळ्यांतून पाणी काढते. घाणेरडा माल शेतकऱ्याच्या गळ्यात मारणारे आमच्यातही आहेत.

परीक्षा सोपी आहे. मूठभर खत घेऊन दाबायचं. मूठ उघडल्यावर भुसभुशीत सुटलं तर कोरडं. लाडू वळला आणि बोट लावल्यावर फुटला तर ठीक. लाडू तसाच राहिला, हात चिकट झाला तर तो माल घेऊ नका, निदान त्या पैशांत घेऊ नका. तुमच्या पटेलना सांगा, ट्रॉली भरताना तीन जागी मूठ दाबून बघायची. एक दाराजवळ, एक मधे, एक पाण्याच्या लायनीखाली. दाराजवळचा माल सगळेच कोरडा ठेवतात.

ग्वाल्हेरी_गप्पा
12 ऑक्टोबर, रात्री 8:10

चुना टाका हो. आमच्याकडे मोरीपासून मयतापर्यंत सगळ्याला चुनाच टाकतात. वास गुल.

काळीमाती
12 ऑक्टोबर, रात्री 8:40

नका. अमोनियावर चुना म्हणजे आगीत तेल. सामू वर गेला की जो अमोनियम गपचूप बसलाय तोसुद्धा वायू होऊन उडतो. सडक्या अंड्यांचा वास चुन्याने कमी होतो, म्हणून लोकांना वाटतं की सगळेच होतात. राखेचंही तेच, ताज्या मुर्गी खतावर नको. गोठ्यात किंवा ढिगावर काही टाकायचंच असेल तर सिंगल सुपर फॉस्फेट टाका. त्यात जिप्सम असतं, थोडं आम्ल असतं, अमोनिया बांधला जातो, शिवाय स्फुरद शेतालाच मिळतं. बाजारात वासनाशक म्हणून सुगंधी द्रावणं मिळतात, त्याने खताला मोगऱ्याचा वास येतो आणि मोगऱ्याला खताचा.

संपादक
12 ऑक्टोबर, रात्री 9:15

एक प्रतिसाद काढून टाकला आहे. त्यात एका पोल्ट्रीमालकाचं नाव आणि नंबर होता. कृपया तसं करू नये. विषय चांगला चालला आहे, चालू द्या.

रामबागची_सून
13 ऑक्टोबर, रात्री 8:50

आज एक उद्योग केला तो सांगते. दुपारी वास नाही आणि रात्री आहे, हे कोडं सुटत नव्हतं. म्हणून गच्चीवर अगरबत्ती घेऊन बसले, घरचे हसत होते.

दुपारी तीनला धूर उभा वर गेला, दोन हात वर जाऊन विस्कटला. साडेसहाला सूर्य बुडाल्यावर तोच धूर कठड्याच्या उंचीला आडवा झाला आणि एखाद्या दोऱ्यासारखा संथपणे शेताकडून घराकडे सरकत राहिला. वर जायला तयारच नाही. मागचं शेत किंचित चढावर आहे, दोनतीन फूट असेल. आठला खाली अंगणात उतरले तर गच्चीपेक्षा अंगणात वास जास्त. आईंची खोली तळमजल्यावर, शेताच्या बाजूला. आज त्यांची खाट वर हलवली. त्या म्हणाल्या, वास चुकवायला माणूस माडीवर जातो हे पहिल्यांदा बघितलं.

काळीमाती
13 ऑक्टोबर, रात्री 9:20

वा! याच्यासाठी लोक यंत्रं लावतात.

शरदातलं आकाश निरभ्र असतं, वारा पडलेला असतो. सूर्य गेला की जमीन झपाट्याने गार होते, तिला टेकलेली हवाही गार आणि जड होते. वरची हवा उबदार राहते, ती झाकणासारखी बसते. खालची हवा वर मिसळतच नाही, उतार असेल तिकडे पाण्यासारखी वाहते. तुमच्या अंगणात ती साचते. सकाळी ऊन चढलं की झाकण उघडतं. म्हणून रात्री खत पसरणं सर्वांत वाईट आणि सकाळी नऊ-दहानंतर पसरणं सर्वांत चांगलं. उत्तम म्हणजे नऊला पसरायला घ्यावं आणि दिवस मावळायच्या आत मातीआड करावं.

तोवर घरात इतकंच करा: दुपारी खिडक्या सताड उघड्या, साडेपाचला शेताच्या बाजूच्या बंद. दम्याचं माणूस वरच्या मजल्यावर, ते तुम्ही केलंच आहे. छातीत घरघर वाढली तर मात्र डॉक्टरकडे न्या, थांबू नका.

मांजलपूर
14 ऑक्टोबर, सकाळी 10:05

बडोद्याहून. आमच्या मामांकडे वाघोडियाच्या बाजूला म्हशी आहेत आणि गोबर गॅस आहे. गॅसमधून निघालेल्या स्लरीला कच्च्या शेणापेक्षा वास खूपच कमी, कारण ती आंबट वासाची आम्लं आतच पचून त्यांचा मिथेन होतो. मामी त्याच गॅसवर चहा करते. पण स्लरीत अमोनिया भरपूर असतो, ती भर उन्हात शेतावर उडवली तर नत्र जातंच. मामा पाटाच्या पाण्याबरोबर सोडतात.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगतो. स्लरीच्या बंद खड्ड्यात, टाकीत कुणीही उतरू नका, वास नाही म्हणून तर मुळीच नाही. हायड्रोजन सल्फाइड जास्त झाला की नाकच बधिर होतं, वास यायचा थांबतो आणि माणूस खाली बसतो. त्याला काढायला गेलेला दुसराही बसतो. टाकी ढवळताना त्या तोंडावर वाकून बघायचंसुद्धा नाही.

उट्रेख्तहून_सायली
14 ऑक्टोबर, दुपारी 3:30

मी मूळ इंदूरच्या लोकमान्य नगरची, आता नेदरलँड्समध्ये. इथे गाई आणि डुकरांचा पसारा मोठा, त्यामुळे हा प्रश्न संसदेपर्यंत जातो. 1990 च्या दशकापासून पातळ शेण हवेत फवारून टाकायला बंदी आहे. ट्रॅक्टरमागे चाकांसारख्या पात्या असतात, त्या गवतात चिरा पाडतात आणि नळीतून शेण त्या चिरांत जातं. साठवणीच्या टाक्या झाकलेल्या हव्यात, आणि हिवाळ्यात पातळ शेण टाकायला मनाई.

एवढं करूनही बंदी उठली की सायकलवरून जाताना आठवडाभर नाक मुठीत. त्यामुळे शून्य वासाची आशा धरू नका.

भिया_इंदूरी
14 ऑक्टोबर, दुपारी 4:00

अपन इथे रोटाव्हेटरची वाट बघून राहिलोय आणि तिकडे गवताला इंजेक्शन!

काळीमाती
14 ऑक्टोबर, संध्याकाळी 6:30

नेदरलँड्स लांब राहिलं. ज्या इंदूरच्या नावाने जगभर कंपोस्ट ओळखलं जातं, त्या इंदूरच्या धाग्यावर कुणालाच ते आठवू नये?

अल्बर्ट हॉवर्ड 1924 मध्ये इथे आले, होळकर सरकारने दिलेल्या जमिनीवर त्यांनी इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री उभी केली, आजचं आपलं कृषी महाविद्यालय. 1931 पर्यंत ते इथे होते. जगाला हॉवर्ड माहीत आहेत, पण त्यांच्याबरोबर रसायनाचं काम बघणारे आणि 1931 च्या पुस्तकाचे सहलेखक होते यशवंत वाड. आडनावावरून काय ते ओळखा. 1935 मध्ये गांधीजी हिंदी साहित्य संमेलनासाठी इंदूरला आले तेव्हा मुद्दाम हे खड्डे बघायला गेले होते.

खड्डा 30 फूट लांब, 14 फूट रुंद आणि खोल फक्त 2 फूट. फक्त दोनच, कारण त्याखाली हवा पोचत नाही. काडीकचरा, शेण, मूत्राने भिजलेली माती, थोडी राख यांचे थर, पिळलेल्या कपड्याइतकी ओल, आणि तीन महिन्यांत तीन पलट्या. त्या खड्ड्याला वास आला किंवा माशा बसल्या तर आपलं काहीतरी चुकलं असं समजायचं, इतका साधा नियम. सारं कर्ब आणि नत्राच्या प्रमाणावर आहे. पंचवीस-तीस भाग कर्बाला एक भाग नत्र असलं की जिवाणू नत्र स्वतःच्या अंगाला लावतात, हवेत सोडत नाहीत. मुर्गी खतात कर्ब फार कमी पडतं, दहा-बाराच्या आसपास. गव्हाच्या काडात ते ऐंशी-शंभर. म्हणजे एकाला जे जास्त आहे ते दुसऱ्याला हवंय, आणि आपण एकाचा वास घेतो आणि दुसऱ्याला नरवाई (कापणीनंतर शेतात उरलेलं काड) म्हणून काडी लावतो.

देपालपूरकर
14 ऑक्टोबर, रात्री 9:00

राख चालली हॉवर्डसाहेबांना, आणि आम्हाला परवा नको म्हणालात.

काळीमाती
14 ऑक्टोबर, रात्री 9:10

त्यांच्या खड्ड्यात शेण आणि भरपूर काडीकचरा होता, नुसतं ताजं मुर्गी खत नव्हतं. पण तुमचं लक्ष आहे हे बघून बरं वाटलं.

देपालपूरकर
14 ऑक्टोबर, रात्री 9:25

तीन पलट्यांना मजूर कुठून आणायचे तेही सांगा. पण एक खरं. ताजं मुर्गी खत थेट टाकून लगेच आलू लावले तर बेणं जळतं, हे आम्ही एकदा भोगलंय. अर्ध्या ओळी उगवल्याच नाहीत. तेव्हापासून मी ढीग महिनाभर मुरवूनच टाकतो. खोल खड्डा नाही, मेडेला (बांधाला) लांबट ढीग, वर सोयाबीनचा भुसा वीतभर आणि त्यावर जुनी ताडपत्री, बाजूने थोडी हवा जाईल अशी. एकदा जेसीबीने पलटतो, तो दुसऱ्या कामाला आलेला असतो तेव्हाच. वास? पलटतो त्या दिवशी येतो. एरवी जवळ गेलात तर.

ताई, तुमच्या पटेलना भेटलात का?

रामबागची_सून
17 ऑक्टोबर, सकाळी 11:40

भेटलो. काल सकाळी मी आणि हे दोघं गेलो. नोटीसवाले काका यायला निघाले होते, त्यांना चहाला बसवून आलो.

पटेल साठीचे असतील. आम्हाला बघून आधी म्हणाले, "आ गए साहब लोग." मी सरळ सासूबाईंच्या दम्याचं सांगितलं. त्यांनी बायकोला हाक मारून खाट टाकायला लावली. देपालपूरकरांनी लिहिलं होतं जवळपास तसंच निघालं: शेड खाली झाली, रात्रीच उचलायला सांगितलं, रोटाव्हेटरचा नंबर चौथा. तो परवा, म्हणजे ट्रॉली आल्यापासून पाचव्या दिवशी आला आणि एका तासात सगळं मातीआड झालं. कालपासून वास जवळजवळ नाही. एका तासाचं काम होतं हो.

मग मी मुठीची परीक्षा सांगितली. बाई कोड्यात बघत राहिल्या, पटेल मात्र उठले, मेडेजवळ सांडलेल्या खतात हात घातला, दाबला. लाडू. बोट लावलं, फुटेना. त्यांनी तो लाडू तसाच तळहातावर धरून बराच वेळ बघितला आणि पोल्ट्रीवाल्याला मालवीत एक शब्द वापरला, तो संपादक काढून टाकतील.

ठरलं ते असं. पुढच्या वेळी ढीग कॉलनीच्या भिंतीपासून लांब, विहिरीला सोडून, पलीकडच्या मेडेला. पसरायचं ते रोटाव्हेटर दारात आल्यावरच, आणि दिवसा. आमच्याकडून काय, असं त्यांनी विचारलं, आणि खरं तर आमच्याकडे द्यायला काही नव्हतं. मग यांना सुचलं. कॉलनीत बदाम आणि गुलमोहराची पानं रोज झाडून पोत्यांत भरतात. ती सुकी पानं ढिगावर घालायला द्यायची. पटेल म्हणाले, प्लास्टिक निकला तो वापस फेंक दूंगा, दीवार के ऊपर से. मंजूर.

सेप्टिक टँकचंही विचारलं. आमचं पाणी त्यांच्याच नाल्यात जातं. त्यांनी स्वतःहून काढलं नव्हतं.

देपालपूरकर
17 ऑक्टोबर, दुपारी 12:15

पानं चाळून द्या. आणि नाल्याचं आधी करा, पानांच्या आधी.

मिरजेची_शेड
17 ऑक्टोबर, दुपारी 12:50

लाडू फुटेना म्हणजे पाण्याच्या लायनीखालचा माल. त्यांना म्हणावं पुढच्या खेपेला भाव पाडून मागा, कोरडा माल आपोआप निघतो.

ग्वाल्हेरी_गप्पा
17 ऑक्टोबर, रात्री 10:00

चुन्याबद्दल मी माझे शब्द मागे घेतो. मोरीपुरता ठेवतो.

रामबागची_सून
9 मे, दुपारी 4:20

धागा वर काढते आहे.

मधल्या काळाचं थोडक्यात: नाल्यासाठी कॉलनीत तीन सभा झाल्या, शोषखड्ड्याचं काम अर्धं झालंय, पैशांवरून अडलंय. पानं नियमित जातायत. दोनदा प्लास्टिक भिंतीवरून परत आलं, एकदा त्यात आमच्याच घरचं दुधाचं पाकीट होतं.

गहू निघाला. या वेळी पटेलांनी नरवाई जाळली नाही, काही काड ढिगात घातलं. आता मृगाच्या आधी सोयाबीनसाठी खत टाकायचंय. ढीग मार्चपासून ताडपत्रीखाली आहे, परवा जाऊन बघितला. वरचा थर काळा आणि मोकळा, हातात घेतला तर खरंच मातीचा वास. आतला भाग मात्र अजून उग्र, पलटी एकच झाली.

माझा प्रश्न वेगळा आहे. आता रात्रीचा धूर आडवा जात नाही, पण दुपारी पश्चिमेचा जोरदार वारा थेट शेतावरून आमच्याकडे येतो. मग सकाळी पसरावं की आणखी कधी?

काळीमाती
9 मे, संध्याकाळी 5:10

मे महिन्यात पहाटे. सहाला सुरू करून दहाच्या आत मातीआड. दुपारच्या वाऱ्यात वास पातळ होतो खरा, पण कोरडं खत धूळ होऊन उडेल आणि तुमच्या वाळवणावर बसेल. ऑक्टोबरला मी सांगितलं ते ऑक्टोबरपुरतं होतं. अगरबत्ती आहेच तुमच्याकडे. आणि मावठ्यासारखी सर यायची चिन्हं असतील त्या दिवशी नको.

रामबागची_सून
9 मे, संध्याकाळी 5:30

आईंच्या कुरडया आहेत गच्चीवर. बरं झालं सांगितलंत.

रामबागची_सून
14 मे, सकाळी 6:50

ट्रॉली शेतात उभी आहे. पटेलही उभे आहेत, पसरलेलं नाही अजून. रोटाव्हेटरवाला फोन उचलत नाहीये. हे स्कूटरवर त्याला आणायला गेलेत. देपालपूरकर, तुमच्या ओळखीचा कुणी या बाजूला आहे का?

देपालपूरकर
14 मे, सकाळी 6:58

आहे. नंबर व्यनिमध्ये (खासगी निरोपात) टाकतो. माझं नाव सांगा, उधारीचं बोलेल, तिकडे लक्ष देऊ नका.